सरकली की सरकवली

माझ्या बायकोच्या मोठ्या भावाने मला फसवलं. एका गिऱ्हाइकासमोर, एका वाक्यात फसवलं, आणि त्या वाक्याने माझ्या हातांची अब्रू गेली.

बहरैनमध्ये त्याचं सनाबिसला शिकारीच्या सामानाचं दुकान आहे, माझं हमद टाउनमध्ये लेथचं वर्कशॉप. तो दुर्बिणी विकायचा आणि मी त्या परवान्याच्या रायफलींवर बसवायचो. रत्नागिरीहून आलो तेव्हा मला कानस धड धरता येत नव्हती. जे शिकलो ते शिव्या खाऊन शिकलो, त्यामुळे या कामात मी कुणाचं ऐकत नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मी त्याला चटईवर पालथं झोपवतो. डोळे मिट, गाल दस्त्यावर टेकव, आता डोळे उघड. काचेत पूर्ण गोल दिसला, कडेला काळी सावली नसली, की दुर्बिणीची जागा तीच. मग समोर ओळंबा लटकवून आतली उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळवायची आणि स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे, जोर मोजणाऱ्या पान्याने आवळायचे. उभ्याने बघितलं तर मान ताठ राहते आणि दुर्बीण लांब वाटते. म्हणून ती मागे घेतली, तर पडून गोळी झाडताना तीच काच कपाळ फोडते.

गिऱ्हाईक म्हणजे एक बहरैनी म्हातारा, परदेशात डोंगरातल्या शिकारीला जाणारा. चटईवर आडवा होताना मोडक्या हिंदीत म्हणाला, "सदीक, दोस्त, मेरा बीवी भी मुझको ऐसा कभी नहीं लिटाया."

"बीवी को तेरा डोका नहीं फोडना है," मी म्हटलं. "बंदूक को है. सीधा सो."

तो पोट हलवत हसला. मी दुर्बीण बसवली. रायफलवरची पट्टी आणि तिच्यावर आवळलेली, दुर्बीण धरून ठेवणारी कडी, दोन्हींवरून एक बारीक पांढरी रेघ मारली. कडी हलली की रेघ तुटते. रायफल मेहुण्याच्या दुकानात पोचती केली.

चौथ्या दिवशी म्हातारा दुपारी वर्कशॉपमध्ये शिरला. भुवईवर टाके, खाली डोळा सुजून बंद. रेंजवरच्या पहिल्याच गोळीला दुर्बिणीची कड हाडापर्यंत गेली होती. रायफलची पेटी त्याने बाकावर आदळली, माझी कॉलर धरली आणि माझं डोकं ड्रिल मशीनच्या खांबावर आपटलं. एकदा, मग परत. तोंडात रक्ताची चव आली.

"मेरा आँख खाया तू! आँख!"

माझ्या हाताला मोठा पाना लागला. मी तो उचलला. खोटं सांगत नाही, त्याच्या चांगल्या डोळ्यावर नेम धरला होता. तेवढ्यात उघड्या पेटीतली रायफल दिसली. पट्टीवरची अर्धी रेघ जागेवर होती. कडीवरची अर्धी दोन खाचा मागे गेली होती. स्क्रू गच्च होते, म्हणजे कुणीतरी कडी सोडवून परत आवळली होती.

मी पाना खाली घेतला. "मैंने ढीला छोडा, ये किसने बोला?"

"तेरा साला बोला. स्कोप फिसल गया."

सनाबिसपर्यंत गाडी कशी चालवली ते आठवत नाही. मेहुण्याला इतकी वर्षं मी भाईजान म्हणत आलो आणि अहोजाहो करत आलो. त्या दिवशी दारातूनच ओरडलो, "कुणी हात लावला दुर्बिणीला? तूच ना?"

"अरे, आवाज खाली," तो म्हणाला. "शेख रायफल न्यायला आले, इथे उभे राहून दुर्बिणीतून बघत होते. दिसत नाही म्हणाले. जरा मागे घेतली. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?"

"मग त्याला काय सांगितलंस?"

"दुर्बीण सरकली म्हटलं. सरकलीच ना?"

मी त्याची मानगूट धरून तोंड काउंटरच्या काचेवर दाबलं. काच तडकली. त्याने हाताला लागलेली सर्चलाइट उचलून माझ्या कानावर हाणली. आम्ही दोघे शिकारीच्या बुटांच्या ढिगात लोळलो. तो माझा अंगठा चावत होता, मी त्याच्या बरगडीत गुडघा खुपसत होतो.

"सरकली नाही, सरकवली! म्हण!"

"एका अक्षरासाठी जीव घेशील?"

"म्हण!"

शेजारच्या टेलरने आम्हाला सोडवलं. तोपर्यंत मेहुण्याने ते अक्षर काही उच्चारलं नव्हतं.

मग त्याने मेसेज पाठवला: चूक झाली. मी विचारलं, कुणाकडून? दोन दिवसांनी उत्तर आलं: आपल्याकडून. मी लिहिलं, आपण म्हणजे कोण, मी तर त्या वेळी दुकानात नव्हतो. मग आलं: दुकानाकडून. दुकानाला हात असतात काय? मी जन्मभर घासाघीस केली आहे. चार पावलं पुढे जाऊन दोन मागे यायचं, हे मला पाठ आहे. इथे मी एक अक्षर सोडणार नाही.

बायको म्हणते, "तुमचा कान वाजतो त्यापेक्षा तुमचं तोंड जास्त वाजतं. माझा भाऊ आहे तो. सोडा आता." कान वाजतोच, डावा, रोज. तिला भाऊ एकच आहे, हे मला कळतं. पण म्हाताऱ्याच्या मजलिशीत, त्याच्या घरच्या बैठकीत, बसणाऱ्या माणसांनी माझ्याकडे रायफली पाठवणं बंद केलंय. गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने पार्किंगमध्ये मला बघून आपल्या भुवईवर बोट ठेवलं आणि हसला. मी त्याच्या अंगावर धावलो. लोकांनी धरलं म्हणून वाचला.

मेहुण्याने त्या मजलिशीत यायचं. माझ्या देखत, म्हाताऱ्याच्या टाक्यांकडे बघून बसायचं. मेहुण्या, हिंदीत सांग, अरबीत सांग, पण वाक्याची सुरुवात 'मी'ने कर. मी वाट बघतोय. त्या कड्या कुणी सैल केल्या, आणि माझ्यावर का ढकललंस? बोल.