मंदाच्या हाका

मुरबे गावात कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी, आरवायचं काम मंदाकडे आहे, असं तिचा नवरा दामू सांगायचा. तो बोटीवर खलाशी. चार-चार दिवस समुद्रात असायचा, म्हणून त्याला हे हसत सांगता यायचं. घरात राहणाऱ्या लेकीला, शैलाला, त्यात काही गंमत वाटत नव्हती. तिच्या कानावर पहाटेपासून हाकांचा मारा सुरू व्हायचा. "शैले, ऊठ! शैले, पाणी तापलं! शैले, वेणी नाय घातली अजून? शैले, शाळा भरली असंल!" मंदा मासळीची टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला निघाली की हाका थांबाव्यात ना, पण नाही. जाताना ती शेजारच्या नलूच्या आईला बजावून जायची आणि मग पुढच्या हाका तिकडून यायच्या.

मंदाच्या अंगातच घाई होती. जेवायला बसली तरी एक पाय उभा, जणू कुणी बोलावलं तर लगेच निघायचंय. लग्न होऊन आली तशी डोक्यावर टोपली आली, आणि मासळीच्या धंद्यात उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो. वाहन चुकलं की सरंगा नरमतो, त्याचा डोळा पांढरा पडतो, आणि बोईसरच्या कारखान्यांतली गिऱ्हाइकं नाक मुरडून पुढच्या पाटीकडे जातात. सोळा-सतरा वर्षांत मंदाने एकही गाडी चुकवली नव्हती, आणि हे ती देवळात सांगावं तसं सांगायची. आपण हाका मारल्या नाहीत तर जग झोपून राहील, अशी तिची खात्री होती. जगाचं जाऊ द्या, पण घर तरी झोपून राहील हे नक्की.

त्र्याऐंशी साली शैला दहावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं, आणि मंदाला त्याहून जास्त. पोरीच्या डोक्यावर टोपली यायला नको, यासाठी तिने महालक्ष्मीला नवस बोलला होता. डिसेंबरात शाळेत पालकांना बोलावलं तेव्हा कमलाकांत सरांनी शैलाचं कौतुक केलं आणि मग जरा घसा खाकरून म्हणाले, "मंदाताई, एक करा. तिला उठवणं बंद करा. उद्या नर्सिंगला गेली की तिथे तुमची हाक पोचणार आहे का? तिची वेळ तिलाच सांभाळू द्या."

"वा सर!" मंदा उसळली. "परीक्षा तोंडावर आली आणि आता म्हणता पोरीला झोपू द्या?"

सर हसले. शैला हसली नाही. घरी आल्यावर तिने आईसमोर उभं राहून सांगितलं, "आये, सर बरोबर बोलतात. परीक्षा होईस्तोवर तू मला वेळ सांगायची नाय. घे महालक्ष्मीची शपथ."

महालक्ष्मीचं नाव घेतल्यावर मंदाला मागे सरता आलं नाही. तिने शपथ घेतली आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन म्हणून राहिलं नाही. पहाटे ती भांडी आपटायची, कारण भांडी आपटायला शपथेत बंदी नव्हती. खोकायची. चुलीशी बसून स्वतःशीच मोठ्याने "उजाडलं गं बाई" म्हणायची. शैला पांघरुणातून "आये, शपथ" म्हणाली की मंदा ओठ मिटून बाहेर जायची आणि ओट्यावर येरझाऱ्या घालायची.

पहिल्या महिन्यात शैला दोनदा शाळेत उशिरा गेली. एका चाचणीचा अभ्यास राहिला आणि ती रडतरडत घरी आली. मंदाच्या जिभेवर "मी सांगितलं असतं तर" आलं होतं. तिने ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. मग हळूहळू पोरगी आपली आपण उठू लागली. कधी आईच्याही आधी. आनंद व्हायला हवा होता, पण मंदाला उगाचच रिकामं रिकामं वाटायचं. सकाळी करायचं काय, हेच तिला कळेना.

मार्चात परीक्षा आली. केंद्र पालघरला. मुरब्याहून पालघरला जायचे दोन रस्ते. होडीने खाडी ओलांडून सातपाटीला उतरायचं आणि तिथून एसटी पकडायची, हा जवळचा. दुसरा लांबचा, एसटीने बोईसर आणि तिथून आगगाडी. पहिल्या पेपरांना सकाळी खाडी भरलेली असायची, होडी अगदी काठाला लागायची. शैला आणि नलू दोघी चप्पल न भिजवता पलीकडे जायच्या. मंदा लांबून बघायची आणि होडी सुटली की मगच बाजाराची वाट धरायची.

भूमितीचा पेपर होळीनंतर दोन दिवसांनी होता. होळीला सगळ्या बोटी बंदराला परततात, गाव माणसांनी भरतं, आणि शिमग्याचा अंमल उतरायला दोन-तीन दिवस जातात. दामू ओसरीवर घोरत होता. मंदा बंदरावर जाऊन आली, तर खाडी सुकलेली. पुनवेच्या सुमाराला सकाळी ओहोटी असते, यात नवीन काही नाही, मुरब्याच्या पोरासोरांना हे चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. नुसता काळा चिखल पसरला होता आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यात विश्राम नावाड्याची होडी एकटी उभी होती. होडीत विश्राम आडवा.

घरी शैला आरशासमोर बसून शांतपणे वेणी घालत होती.

मंदा हबकली. पोरीने पाणी बघितलंच नाही! रोजच्यासारखी होडी काठाला लागेल असं समजून बसली आहे! एक घटका तिने शपथ पाळली. दारात गेली, आत आली, परत दारात गेली. शैलाने दुसरी वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली, आणि तिथे मंदाचा बांध फुटला.

"शैले! ऊठ! खाडी सुकली! डोळे फुटले काय तुझे?"

"आये, आयक. मी येष्टीने..."

"येष्टीबिष्टी काय नाय! विश्राम पलीकडे निघून जाईल! चल!"

"आये, नलू..."

"नलूचं नलू बघंल! चल म्हणते ना!"

हाताला धरून तिने पोरीला उठवलं, दप्तर स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि ओढत काठावर नेलं. मंदाचा तो आवाज सुरू झाला की त्यापुढे कुणाचं काही चालत नसे, दामूचंही नाही. शैला एकदा थांबली, तोंड उघडलं, आणि मिटून आईच्या मागे चिखलात उतरली. चिखल आधी घोट्यापर्यंत होता, मग पोटरीपर्यंत आला. मंदा विश्रामच्या नावाने ओरडत होती आणि विश्राम काही हलत नव्हता.

गावातून एसटीचा हॉर्न ऐकू आला. एकदा, मग पुन्हा. शैला जागच्या जागी थांबली.

"आये," ती म्हणाली, "नलू येष्टीत माझी जागा धरून बसलीय. आमी कालच ठरवलं होतं. खाडीत पाणी नसणार हाय म्हणून."

मंदाने मागे बघितलं. झाडांच्या पलीकडून धुरळा उठत होता. जन्मात पहिल्यांदा तिला काय ओरडायचं ते सुचलं नाही.

विश्राम उठला, पण शिमग्याच्या धुंदीतून उठायला त्याला वेळ लागला. सातपाटीची एसटीही गेलेली. शैला पालघरला पोचली तेव्हा वर्गात पेपर केव्हाच सुरू झाला होता. आत घेतलं, एवढंच. चिखलाने भरलेल्या पायांनी बसून तिने जेवढं जमलं तेवढं लिहिलं. जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास आणि भूमितीत नापास. नलू पास झाली होती. नलूच्या आईने पेढे आणून दिले आणि मंदाने ते हात पुढे करून घेतले, कारण नलूचा त्यात काय दोष!

शैला तिच्यावर चिडली असती तर मंदाला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. पावसाळाभर घरात गप्प वावरली. एक दिवस सुकट निवडता निवडता मंदानेच विषय काढला. "तवा काठावरच हात का नाय झिडकारलास? तुला ठाऊक होतं ना सगळं?"

शैला खाली बघत म्हणाली, "ठाऊक होतं गं. पण तू ओरडलीस की माझं मलाच खरं वाटत नाय."

मंदाने सुकटीची सूपली बाजूला ठेवली आणि परसात गेली. इतकी वर्षं आपण पोरीला उठवतोय असं समजत होतो, आणि करत काय होतो, हे तिला तेव्हा लख्ख दिसलं. फार वाईट वाटलं तिला.

ऑक्टोबरात भूमितीचा पेपर पुन्हा होता. आदल्या संध्याकाळी शैला म्हणाली, "आये, उद्या तू बाजाराला जा. घरी राहू नको." मंदाने मान डोलावली. पहाटे टोपली उचलली, पोरगी पांघरुणात होती, आणि मंदा भांडं न आपटता, न खोकता घराबाहेर पडली. नलूच्या आईच्या दारावरून जाताना तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

बोईसरच्या बाजारात मात्र तिचं लक्ष टोपलीत नव्हतं. गिऱ्हाइकाने बोंबील मागितले तर तिने मांदेली काढून दिली. जाणाऱ्या-येणाऱ्याला किती वाजले विचारून विचारून तिने शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या भागीला हैराण केलं. भागी डोंगराकडच्या पाड्यावरची, कमी बोलणारी. शेवटी तीही वैतागली. "पोरगी तुझ्या पायांनी चालते काय?"

पण मंदा उठलीच. टोपली भागीवर सोपवली आणि तरातरा स्टेशनवर गेली. पालघरकडे जाणारी गाडी येतच होती. फक्त केंद्राच्या फाटकापाशी उभं राहायचं, लांबून. पोरगी आत गेली का एवढंच बघायचं, हाक मारायची नाही. एवढं तर चालेल ना? गाडी लागली, माणसं उतरली, चढली. मंदाने दांडीला हात घातला, एक पाय वरही ठेवला.

मग तिला चिखलातला तो आवाज आठवला. एसटीच्या हॉर्नचा नव्हे, तिचा स्वतःचा. तिने पाय खाली घेतला. गाडी हलली आणि मंदा बाकावर बसून डोळ्यांना पदर लावून रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिची गाडी चुकली होती, आणि ती तिने स्वतः चुकवली होती.

संध्याकाळी ती घरी आली तर शैला चुलीशी भात टाकत होती. बोटांना शाई लागलेली. मंदाला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. होडीने गेलीस की एसटीने, कधी उठलीस, खाऊन गेलीस का, पेपर पुरा झाला का. ती दारातच उभी राहिली.

"पोचलीस?" एवढंच तिने विचारलं.

"सगळ्यांच्या आधी, आये. फाटक उघडायचं होतं अजून." शैला हसली आणि मग जरा थांबून म्हणाली, "मी वळून बघत होते. तू येशील असं वाटत होतं."