अर्धा सूर खाली

बँडमध्ये त्याला सगळे खुंटी म्हणायचे. गायक त्याचा सख्खा मोठा भाऊ. दादा उजेडात उभा राहायचा, हा पडद्यामागे गिटारी जुळवत बसायचा. जन्म असाच गेला.

दादाचा आवाज म्हणजे पत्र्यावर फिरवलेली करवत. त्याने वर जाऊन किंचाळी फोडली की खुर्चीत कुणी बसून राहत नसे. पन्नाशीत ती किंचाळी फाटू लागली, तेव्हा खुंटीने कुणाला न विचारता सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या; गाणंच खाली आलं, दादाला तेवढं वर जावं लागलं नाही. कार्यक्रम संपल्यावर दादाने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"पाहिलंस? म्हातारे होणारे वेगळे!"

मग दर दोन-तीन वर्षांनी तारा आणखी खाली येत गेल्या. गिटारवाल्याला, बेसवाल्याला ठाऊक होतं. त्यांनाही पोट होतं. दादाला कळलं नाही. बहुधा कळून घ्यायचं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी बँडने नवं गाणं काढायचं ठरवलं. एकच, पण जुन्या धाटणीचं, दणदणीत. निर्मात्याने त्यात पियानो घातला, ज्याचे स्वर असे उतरवता येत नाहीत, आणि हे खुंटीला स्टुडिओत पाऊल टाकल्यावर समजलं. पियानोवालीने पहिला स्वर दाबला आणि थांबली.

"काका, तुमच्या गिटारी दीड सूर खाली आहेत."

दादा वळला. "कधीपासून?"

"तुझा घसा धरायला लागला तेव्हापासून."

"म्हणजे मला पांगुळगाड्यात घालून फिरवत होतास."

"तू पडू नयेस म्हणून, दादा."

"चढव तारा. आणि चालता हो."

त्याने तारा चढवल्या. तेवढं काम चोख केलं आणि गेला.

गाणं आलं. शेवटची किंचाळी अर्ध्यावर चिरफाळली होती, आणि लोक त्या चिरेवरच फिदा झाले. खुंटीने ते ऐकलं वाद्यदुरुस्तीच्या दुकानात, परक्याची गिटार मांडीवर घेऊन. गाण्यामागोमाग रेडिओवर दादाची मुलाखत लागली: "इतकी वर्षं माझ्याच माणसांनी मला खाली दाबून ठेवलं."

मालकाने विचारलं, "अहो, तुम्ही यांच्याकडेच होता ना? कोण हो तो दाबणारा?"

"होता एक."

महिनाभराने वहिनींचा फोन आला. "भावोजी, यांचा घसा पार गेलाय. रोज ती किंचाळी पुरी करायचा हट्ट. कार्यक्रम तोंडावर आलाय. तुम्ही या, पूर्वीसारख्या तारा गुपचूप उतरवा."

"आता तो गाण्याआधी पियानोवर स्वर तपासून घेत असेल."

वहिनी हळूच म्हणाल्या, "दर वेळी."

"मग नाही जमायचं, वहिनी. त्याचा विश्वास होता, म्हणून जमत होतं."

त्याने फोन ठेवला. दुकानात तेच गाणं पुन्हा लागलं होतं. किंचाळी फाटायची जागा जवळ आली, तशी त्याची बोटं आपोआप वळली, तार सैल करायला. गिटार परक्याची होती. त्याने हात मागे घेतला.