मालकाचं घर, आपलं सामान

गेल्या महिन्यात निलंग्याहून मामेसासऱ्यांचा फोन आला, "अक्का गेली..." अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. चार दिवस भावाकडं राहून येते म्हणाल्या आणि तिकडंच झोपेत गेल्या. निघताना एसटीच्या खिडकीतून मला काय सांगावं? "तांब्या ठेवत जा गं."

हा तांब्या म्हणजे आमच्या घरातलं रोजचं भांडण. फळीवर पेला पालथा घालायचा अन् त्यावर पितळी तांब्या उभा करायचा. भूकंपानंतर लातूरकडं घरोघरी अशी रीत पडली होती; जमीन हलली की तांब्या आधी पडणार, माणसं बाहेर पळणार. नांदेडात हे कशाला, असं मी किती वेळा म्हटलं! उंदरानं पाडला तरी आत्याबाई ओरडायच्या, "उठा रं, भायेर पळा!" आम्ही कुरकुरत अंगणात. त्या मात्र सगळ्यांत शेवटी, खोल्या बघून, दारात यायच्या. भूकंपात त्या आधी बाहेर पडल्या होत्या आणि धाकटी लेक आत राहिली होती. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत.

गोदावरीजवळ तळमजल्याचं हे घर भाड्यानं घेतलं, तेव्हा दूध उतू घालायला मी शेगडी पेटवली, तर आत्याबाई गाठोड्यावर ठाण मांडून बसलेल्या. गाठोडं सोडेनात. "सामानाचा इमा काढला का?" आमचे हे म्हणाले, "घरमालकाचा विमा आहे की, आई." झालं! "त्याचा भिंतीचा हाय. भिंत पडली तर पैसे त्याला. भूकंप झाला तवाबी आपण भाड्यानंच व्हतो. घर मालकाचं म्हणून त्याची इचारपूस झाली, आपली भांडीकुंडी मातीत गेली ती गेलीच."

शेवटी विमावाल्याला बोलावलं. तो म्हणाला, नुसत्या आग-चोरीचा स्वस्त पडेल. पूर-भूकंप धरला तर हप्ता वाढेल. हे स्वस्ताकडं झुकले. आत्याबाई उठून शेजारणीकडं गेल्या, "मागं पाणी कुठवर आलतं, बाई?" तिनं कमरेला हात लावून दाखवला. परत येऊन त्या विमावाल्यासमोर बसल्या. "पूरबी धर, भूकंपबी धर." हे म्हणाले, "इथं कुठला भूकंप, आई?" तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माणसाचं कुणी भरून देत न्हाई, बाबा. भांड्याचं देतेत, तर घ्या की..." विमा झाला, दूध उतू गेलं, गाठोडं सुटलं.

पुढच्याच पावसाळ्यात नदीचं पाणी मोरीतून उलटं घरात आलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, सगळ्याचा चिखल. भरपाई मिळाली, पण आत्याबाईंनी भाजीवालीपासून डॉक्टरीणबाईपर्यंत सगळ्यांना ऐकवलं, "म्या म्हणलं व्हतं." मला राग यायचा. आज वाटतं, अजून ऐकवायला त्या हव्या होत्या.

परवा विमावाल्याचा फोन आला. "नूतनीकरण आहे. आता भूकंपाचं काढून टाकू का, वहिनी?" मी म्हटलं, "न्हाई. हाय तसंच राहू द्या."

त्याच संध्याकाळी मांजरानं उडी मारली अन् तांब्या खणकन पडला. मी कढई तशीच टाकून अंगणात आले. हेही चष्मा हातात घेऊन धावत आले. मग दोघंही दाराकडं बघत उभे राहिलो, त्या अजून बाहेर यायच्या होत्या म्हणून.