धुकं कोणी उठवलं?

चुनीलाल मास्तरांच्या व्याख्यानाला मागच्या वर्षी शेवटपर्यंत एकच माणूस थांबला होता, वाचनालयाचा शिपाई जालमसिंग. तोही सतरंजी गुंडाळायची म्हणून. चिटणीसांनी तेव्हाच बजावलं होतं, "मास्तर, पुढच्या वर्षी अजून एकदा बघू. नाही जमलं तर त्यानंतर भजन ठेवू."

ते पुढचं वर्ष १९६७. माझी आई नंदुरबारला नववीत होती, मास्तरांच्याच वर्गात. शिकवताना त्यांचे हात इतके हलायचे, की पहिल्या बाकावरच्या मुली मान वाकवून बसायच्या. प्रश्न स्वतःच विचारायचे, उत्तरही घाईघाईने स्वतःच देऊन टाकायचे.

व्याख्यानाच्या आठवड्यात एका सकाळी ते मिरचीच्या पथारीवरून, म्हणजे वाळवणाच्या मैदानावरून, चालले होते. दाट धुकं होतं. धुकं उठेपर्यंत मिरचीवरची तरटं काढायची नाहीत, हा तिथला नियम. बाया जागोजाग लहान शेकोट्या पेटवून बसल्या होत्या; कडेला मालकाची एक मोठी शेकोटी होती. इतके श्रोते मास्तरांना एका जागी कधी मिळाले नव्हते.

"विश्वातही एकदा असंच होतं," त्यांनी सुरुवात केली. "सगळीकडे हायड्रोजन वायू. तो प्रकाश गिळायचा. पण क्वेसार नावाच्या फार दूरच्या तेजस्वी ठिपक्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचलाय. म्हणजे कोणीतरी त्या वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून वाट मोकळी केली."

"मंग ते धुकं कोनी उठाडं?" बायांची मुकादम भिकुबाईने अहिराणीत विचारलं.

"क्वेसारनी! एकेक क्वेसार शंभर दीर्घिकांइतका तेजस्वी. आणि दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अख्खी वस्ती." क्वेसारच्या पोटात वायू ओढून घेणारं प्रचंड कृष्णविवर असतं, हे तेव्हा पक्कं ठरलं नव्हतं.

"आनि त्या दीर्घिका नुसत्या बसेल व्हत्यात का?" भिकुबाईने भोवती हात फिरवला. प्रत्येक शेकोटीभोवती धुकं विरून एक गोल मोकळा झाला होता, आणि शेजारशेजारचे गोल एकमेकांत मिसळत होते. "मालकनी शेकोटी मोठी, पन एकच शे. आम्हन्या देखा, कितल्या शेतस!"

मास्तरांनी खिशातून खडू काढला, परत ठेवला. "ते... अजून कोणालाच ठाऊक नाही."

"म्हंजे तुमले बी ठाऊक नही!"

बाया खदखदून हसल्या. मास्तरही हसले.

शनिवारी चार वाजता वाचनालयात व्याख्यान सुरू झालं; मागे भिकुबाई आपल्या बायांना घेऊन बसली होती. वीस मिनिटांतच मास्तर थांबले. "ते धुकं मोजक्या मोठ्यांनी उठवलं, की पुष्कळ लहानांनी? मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

मग मिरचीचे व्यापारी भाईदासशेठ म्हणाले, "मोठ्यांनीच. हजार पणत्या एकीकडे, एक पेट्रोमॅक्स एकीकडे."

"तुमना पेट्रोमॅक्स तुमना वट्टावरच उजेड पाडस, शेठ!" मागून भिकुबाई ओरडली. तिच्या बायांनी टाळ्या पिटल्या, शेठ उठून उभे राहिले, आणि वाचनालयाचे सरळ दोन तट पडले.

साडेसहाला चिटणीसांनी घड्याळ पाहिलं. "जालमसिंग, सतरंजी गुंडाळ."

जालमसिंग सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसला होता.

"थांबा साहेब," तो वळूनही न बघता म्हणाला, "शेठले आजून समजी नही ऱ्हायनं."