गुढीच्या काठीवरचं वारं

घरी आलेल्या माणसाला सुभेदार आधी पाणी विचारत नसत, वारं विचारत. "तुमच्याकडं वारं कुठनं हाय?" पाहुणा चपला काढता काढता गोंधळायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, सांगून टाका काहीतरी, नाहीतर चहा काही मिळायचा नाही. सुभेदार म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची, पण फौजेतून येऊन इतकी वर्षं झाली तरी बाकी सगळ्यांचे ते सुभेदारच. मूळचे दुष्काळी म्हसवडकडचे. "आमच्याकडं ढग नुसतं हजेरी लावून जायचं," म्हणायचे. आभाळाकडे बघत बसायची सवय तिथलीच.

निवृत्तीनंतर त्यांनी तासगावजवळ द्राक्षबाग घेतली आणि सगळं उलटं झालं. इथे उन्हाळ्यात ढग नकोच असतो. वर्षाची सगळी द्राक्षं तेव्हा शेडमधल्या जाळ्यांवर बेदाणा व्हायला पसरलेली असतात. पूर्वेचं वारं सुटलं की मागोमाग वळीव येतो, आणि शेडचे पडदे वेळेत सोडले नाहीत तर माल काळा पडतो. एका वर्षी आमचा सगळा माल असाच गेला. मग पुण्याला माझ्या नवऱ्याला फोन करून मामांनी घरच्या बागेत लावायचं हवामानाचं यंत्र मागवलं.

खोकं आलं, नवरा आला नाही. तो पुण्यातून फोनवर "सोपं आहे गं" म्हणत होता आणि इथे मी शिडीवर. दिवसभर शाळेत पोरांना शिकवायचं, घरी येऊन स्क्रू पिळायचे. पाऊस मोजायचं भांडं कुंपणाजवळ बसलं. वारं मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आणि त्यांच्याखालचा दिशेचा बाण मात्र उंच हवा, शेवग्याच्याही वर. घरात तेवढी उंच, सरळ काठी एकच होती, गुढीची. मामांनी ती माळ्यावरून काढली तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, की पाडव्याला मला ती मोकळी पाहिजे.

यंत्राचे आकडे घरातल्या छोट्या स्क्रीनवर दिसायचे. मामांना ते नीट दिसत नसत, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळी डबा भरत असताना अंगणातून हाक यायची, "सूनबाई, रिपोर्ट!" मी पोळी तव्यावर टाकून वाचायची. वारं, ऊन, हवेतली ओल. ते "ठीक हाय" म्हणायचे, जणू मीच ते ठीक करून ठेवलं होतं. कधी कधी वैताग यायचा. भांड्यात चिमण्यांनी केलेली घाण काढायची मी, सेल बदलायचे मी, आणि गावात नाव सुभेदारांचं.

त्या नावाचीही एकदा माती झाली. भर उन्हात स्क्रीनवर पाऊस दिसला. मामांनी विचार केला नाही, फोन फिरवले आणि आजूबाजूच्या सगळ्या शेडचे पडदे सोडायला लावले. माणसं जेवण सोडून पळाली. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. शेजारच्या तानाजीने कुंपणाला लागून ट्रॅक्टरवरून बागेला औषध मारलं होतं आणि तो फवारा उडून आमच्या भांड्यात साचला होता. त्यानंतर तानाजी दिसेल तिथे विचारायचा, सुभेदार, आज कुठलं औषध पडणार हाय?

मग पाडवा आला. मामा म्हणाले, वाट्या राहू दे, त्यांच्याखाली गुढी बांध. आत्याबाई म्हणाल्या, "गुढीच्या डोक्यावर काय बी बसायचं न्हाई." शेवटी मी पुन्हा शिडीवर चढून वाट्या उतरवल्या. मामा रुसून पायरीवर बसले. दुपारी पुरणपोळी वाढायला हाक मारली तरी उठेनात. गुढीच्या साडीकडे एकटक बघत होते. सकाळपासून एका अंगाला फडकणारी साडी वळून बरोबर उलट्या अंगाला गेली होती; वारं पूर्वेचं झालं होतं.

आम्ही आमच्या शेडचे पडदे सोडले. मामा तसेच तानाजीकडे गेले. तो पानावर बसला होता. हसला, जेवून बघतो म्हणाला. त्याचं जेवण व्हायच्या आत वळीव आला. मामा भिजत त्याच्या शेडवर पडदे ओढत राहिले, पण निम्मा माल गेलाच. आमचा वाचला. तरी ते घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. मी टॉवेल दिला तर म्हणाले, "चूक माझी हाय, सूनबाई. येकदा खोटा पाऊस सांगितला, मग खरा कोण ऐकंल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते भांडं कुंपणापासून लांब, अंगणाच्या मधोमध हलवायला लावलं. अर्थात माझ्याकडून. तानाजी नंतर रोज विचारायला येऊ लागला, मग त्याचं बघून बाकीचेही. काठीचं भांडण मात्र दर पाडव्याला ठरलेलं. वाट्या उतरायच्या, गुढी चढायची, मामा रुसायचे.

गेल्या थंडीत मामा गेले. फोन थांबले नाहीत, ते आता मला येतात. मी दमते. शाळा, शेड, आत्याबाईंची दुखणी, त्यात हे यंत्र. काढून टाकावं असं कितीदा मनात आलं, पण हात होत नाही. सकाळी डबा भरताना मी रिपोर्ट अजून मोठ्यानेच वाचते, आणि "ठीक हाय" ऐकू येत नाही तेव्हा डोळे भरून येतात.

यंदा पाडव्याला आमच्याकडे गुढी नव्हती. मामांना जाऊन वर्ष झालेलं नाही. दुपारी कुंपणापलीकडून तानाजीने हाक मारली, वहिनी, वारं कुठनं हाय? मी उठणार तोच आत्याबाईंनी कपाळावर हात धरून वर बाणाकडे पाहिलं. "पश्चिमेचंच हाय रं. राहू दे पडदे वर."

मग त्या मामांच्या पायरीवर टेकल्या. वर वाट्या फिरत होत्या. त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "घ्या. मिळाली एकदाची तुमास्नी काठी पाडव्याला."