अठरा खळगे

कार्तिकातल्या पहाटे कात्रजच्या डोंगरापलीकडे धुकं उतरतं तेव्हा त्याला कापलेल्या हरळीचा वास लागलेला असतो. रात्रभर दहिवरात भिजलेला, थोडा गोड, थोडा तुरट असा तो वास नाकाशी आला, की मला अजूनही प्रथम आठवतो तो माझा राग, आणि मग बाकीचं सगळं. सूर्य घाटाच्या आड असतो, मागे पुणं नावाचं शहर आहे याचा कुठलाही पुरावा नसतो, आणि धुक्यातून एकेक करून उंच सरळसोट झाडं, लाकडी घराचं उतरतं छप्पर, हिरव्या उतारांवरची लाल निशाणं वर येत जातात. नवख्या माणसाला वाटावं, आपण युरोपातल्या एखाद्या पर्वतावर जागे झालो आहोत.

वाटावं म्हणूनच तर ते केलेलं होतं. या शहरातले पुष्कळ लोक अचानक परदेशी जाऊ लागले त्या वर्षांत आमचे मालकही स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि येताना तिथलं गोल्फचं मैदान डोक्यात घेऊन आले. त्या देशात बर्फ घसरून पडावं म्हणून जसं उभं छप्पर करतात तसं त्यांनी इथे करून घेतलं. इतक्या वर्षांत त्यावरून घसरलं ते फक्त एक वानर. पाइनची रोपं दर उन्हाळ्यात मरत आणि दर पावसाळ्यात नवी येत; उंच वाढली ती शेवटी सुरूची झाडं. गवत मात्र मी जगवलं. मोठ्या ऐटीत परदेशातून मागवलेलं ते गवत म्हणजे आपल्या हरळीचं सख्खं भावंड, हे मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. अकोल्याकडे माझ्या वडिलांनी जी हरळी जन्मभर शिव्या देत शेतातून उपटली, तिलाच मी कृषी पदवीच्या जोरावर पुण्यात पगार घेऊन गोंजारणार होते. मालकांना ते ऐकून आवडलं नाही, पण नोकरी दिली.

गवत राखण्याखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होतं. चेंडू शेवटी ज्या खळग्यात पडतो तो रोज एका जागी नसतो, हे न खेळणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. एकाच ठिकाणी पावलं पडून गवत मरू नये म्हणून दर पहाटे जुना खळगा बुजवून नवा पाडायचा असतो, आणि खळग्याभोवती बारीक कापलेल्या अठराही हिरवळींवर तो कुठे पाडायचा हे ठरवणारी मी. दोन हात इकडे सरकवला तर खेळणाऱ्याचा दिवस सुखात जातो, दोन हात तिकडे सरकवला तर त्याचा घाम निघतो. ज्याला खेळता येत नाही त्याने खळग्याला हात लावू नये असा मालकांचा दंडक. म्हणून चाळिशीला टेकल्यावर पंजाबी ड्रेसवर कॅनव्हासचे बूट चढवून मी गोल्फ शिकले. बरी खेळत होते. सोसायटीत याची कुणाला कल्पना नव्हती. तिथे मी 'बागेत काम करणाऱ्या काकू' होते.

सबनीस आमच्याकडे दर आठवड्याला येत. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक, बोलायला अतिशय मृदू, मला नेहमी 'मॅडम, गवत काय म्हणतंय?' असं विचारणारे. माझी सायली त्यांच्याच कंपनीत होती, पण ते मी त्यांना कधी बोलले नव्हते. मुलीच्या साहेबाशी ओळख काढणं मला प्रशस्त वाटत नव्हतं. मंदीच्या त्या वर्षी होळीच्या आधीच्या शुक्रवारी ते एकटेच खेळत होते. तिसऱ्या हिरवळीवर मी वाकून गवताची मुळं पाहत होते, तेव्हा ते म्हणाले, 'आपण जरा निशाण धरता का?' मी ते खळग्यातून उपसून धरलं. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. चेंडूवरची नजर न काढता त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'नको, सगळ्यांचं आजच उरका. शुक्रवार आहे. दोन दिवसांत लोक निवतात.' मला वाटलं, कसली तरी बिलं असतील. त्यांच्या चेंडूच्या वाटेत माझी सावली पडू नये म्हणून मी एक पाऊल मागे सरले. चेंडू आत पडला आणि मी, हो मीच, 'छान' म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर सायली दाराशीच बसली होती, चपलाही न काढता. दुपारी चार वाजता तिला एका खोलीत नेऊन राजीनामा लिहायला लावला होता. काढलं असं कुठे दिसू नये, तिनेच सोडलं असं दिसावं. ओळखपत्र तिथेच काढून घेतलं. आणि ते कार्ड टेकवल्याशिवाय त्या इमारतीचा दरवाजा आतूनही उघडत नाही, म्हणून स्वतःच्या वस्तूंची पिशवी धरून ती बाहेर पडण्यासाठी पाव तास उभी राहिली, शेवटी रखवालदाराने स्वतःच्या कार्डाने तिला सोडलं. हे सांगताना ती रडली नाही. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. एकीने रडायचं तर दुसरीने नाही असा आमचा अलिखित करार होता, आणि त्या दिवशी दोघींपैकी कुणीच पुढाकार घेतला नाही. पुढचे आठ महिने ती दर रविवारी आठवड्याचे पाच कुडते इस्त्री करून कपाटात टांगत राहिली. ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

मी डूख धरला. याला दुसरा शब्द नाही आणि मला तो शोधायचाही नाही. सबनीस खेळायला आले की मी कात्री, पाइप, खताची पाटी असं काही ना काही हाती घेऊन त्यांच्या आसपास राहू लागले. कुठल्या देवाचंही मी इतकं एकाग्र ध्यान केलं नसेल. त्यांचा लांबचा फटका शेवटी उजवीकडे वळतो. चढावर ते घाई करतात. उतारावर चेंडूला अलगद ढकलायचं त्यांना जमत नाही, ते जोर लावतातच. चुकल्यावर ते डाव्या हातमोज्याचं टोक दातांनी ओढतात. हे सगळं मी कुठे लिहून ठेवलं नाही, लिहिण्याची गरजच नव्हती.

कार्तिकात कंपन्यांच्या मालकांची वार्षिक स्पर्धा असे. तयारीसाठी आदल्या दिवशी मैदान बंद होतं, आणि त्या सकाळी मी एकटीने पूर्ण खेळ खेळले. इतकी सुंदर सकाळ मी तिथे पुन्हा पाहिली नाही. धुकं दरीत खाली खाली सरत होतं, कारवीच्या सुकत चाललेल्या पानांवर कोवळं ऊन पडलं होतं, दयाळ पक्षी झाडामागून झाडाकडे माझ्यासोबत येत होता, आणि मी त्या सगळ्या सौंदर्यातून मनात विष घेऊन चालले होते. मी माझा खेळ खेळतच नव्हते. प्रत्येक चेंडूपाशी मी सबनीस होत होते. त्यांच्यासारखी खांदे वळवत होते, मुद्दाम चेंडू उजवीकडे जाऊ देत होते, मग तो जिथे थांबेल तिथून हिरवळीकडे बघून ठरवत होते, आता खळगा कुठे असला तर या माणसाची सर्वांत जास्त फजिती होईल. सातव्या हिरवळीवर उजव्या कडेला, वाळूच्या खड्ड्यालगत. अकराव्यावर उताराच्या मध्यावर, जिथे जोर लावला की चेंडू पार खाली. नियम एकही मोडायचा नव्हता. खळगा हिरवळीच्या कडेपासून निदान चार पावलं आत हवा, तर चार पावलं म्हणजे चार पावलं. अठरावा खळगा ठरवताना मी इतकी सुखात होते की मला माझीच थोडी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत कामाला लागले. पोलादी नळकांडं दोन्ही हातांनी दाबत, पिळत जमिनीत उतरवायचं, गवतासकट मातीचा लांबट गोळा उपसायचा आणि तोच कालच्या खळग्यात बसवून पायाने दाबायचा, म्हणजे जुनी जखम दिसत नाही. अठरा वेळा. सोबतचे माळी दमले, मी नाही.

सबनीस पार कोसळले. पाचव्यापर्यंत हसत होते, नवव्याला गप्प झाले, अकराव्यावर त्यांचा चेंडू मी मनात पाहिला होता तस्साच, त्याच रेषेने, खाली घरंगळत गेला. हातमोज्याचं टोक दातांत. अठराव्या हिरवळीवर परदेशी पाहुणे, इतर मालक, त्यांच्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या, आणि त्या सर्वांसमोर चार हातांवरून त्यांनी तीनदा चुकवलं. कुणी तरी नम्रपणे टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला. तो झाकून ठेवण्यात काय अर्थ आहे? खूप आनंद झाला.

ते माझ्याकडे आले. 'आज फारच छळलंत हो, मॅडम. सगळे होल आपणच पाडलेत?'

'मीच,' मी म्हणाले. आठ महिने घोटलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. 'माझी मुलगी तुमच्या कंपनीत होती. होळीच्या आधीच्या शुक्रवारी तुम्ही तिला काढलंत. फोनवर तुम्ही ते सांगत होतात, तेव्हा तुमचं निशाण मी धरलं होतं.'

त्यांनी टोपी काढली. चेहऱ्यावर ना राग, ना लाज. डॉक्टर नाडी पाहताना जसा होतो तसा चेहरा. 'कुठल्या प्रोजेक्टवर होती?' त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. चार वर्षं ती रोज सकाळी डबा घेऊन जात होती, कधी कधी रात्रीचा फोन आला की बाल्कनीत उभी राहून भरभर काहीतरी समजावत होती, एकदा तिला कसलंसं बक्षीसही मिळालं होतं; आणि ती तिथे काय करते हे मी 'कॉम्प्युटरचं' एवढ्यावर भागवलं होतं. समोरच्या माणसाच्या मनगटाचा कोन मला पाठ होता. सबनीस 'नाव कळवा मला,' असं काहीसं म्हणाले, आणि फोटोसाठी त्यांना कुणीतरी हाक मारली.

कर्वेनगरला घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. सायली टेबलाशी मटार सोलत होती. 'सबनीस हरले,' मी म्हणाले. 'बरं,' ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. त्या 'बरं'मध्ये काहीही नव्हतं. मी समोर बसले आणि विचारलं, 'तू तिथे नेमकं काय काम करायचीस गं?'

मी टोमणा मारते आहे का, हे ती थोडा वेळ माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. मग म्हणाली, 'खरंच सांगू? वेळ लागेल.' तिने टेबलावर एक शेंग आडवी ठेवली. 'समज, ही दूरदेशातली एक बँक. हे दाणे म्हणजे तिच्या लोकांचे पैसे. आणि मध्यरात्री एक दाणा इकडून तिकडे जाताना वाटेत हरवतो, तो कुठे हरवला ते शोधणारी वाट मी बांधली होती, आई. मी एकटीने, तीन महिने लागले.' तिची बोटं भरभर चालू लागली, आवाज चढला, डोळ्यांत मी कितीतरी दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं. मला त्यातलं चार आणेसुद्धा समजत नव्हतं. मी नुसती हं, हं करत होते, आणि दुपारीच संपेल असं वाटलेला सबनीसांवरचा माझा राग आता कुठे खरा सुरू होत होता. कारण त्यांनी काय हिरावून घेतलं, ते मला पहिल्यांदाच दिसत होतं.