बेशुद्ध माणूस बोलत नसतो

त्या उन्हाळ्यात तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं आणि आम्ही रोज सकाळी साबण लावून हात धुवायला शिकत होतो. तळवे, बोटांच्या फटी, अंगठे, नखं, मनगटं. नीट जमलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. आज ते आठवलं की कुणी बघत नसतानाही माझी मान खाली जाते.

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या पोरांचं प्रशिक्षण होतं ते. चौसाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून, सहकारी दूध संघाचं एक केंद्र होतं. पूर्वी आसपासच्या गावांचं दूध तिथं येऊन थंड व्हायचं. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि केंद्राला कुलूप लागलं. तो रिकामा पत्र्याचा हॉल आम्हाला मिळाला. राहणं, जेवणं, शिकणं सगळं तिथंच. मी आष्टीकडचा, बारावीनंतर नुसता उंडारणारा. ही गाडीवरची नोकरी लागली नसती तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊस तोडायला जायचं हे ठरलेलंच होतं. माझ्यासाठी नवा कोयता सुद्धा आणून ठेवला होता घरी.

केंद्राचा जुना वॉचमन मात्र तिथंच राहिला होता. संघाचा पगार कधीच बंद झाला होता, तरी म्हातारा रोज सकाळी फाटक उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. टँकर आला की मामा बायाबापड्यांच्या गर्दीत घुसून आमचा ड्रम भरून घ्यायचे. टँकर नाही आला तर घागर घेऊन छावणीपर्यंत चालत जायचे. आणि आम्ही काय करायचो? तेच पाणी हातांवर ओतून मोरीत सोडायचो. एकदा मामा बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लई घाण हात हायेत का रं पोरांनो तुमचे?" आम्ही खो खो हसलो. लाज कोळून प्यायलो होतो, दुसरं काय!

छाती दाबून श्वास कसा द्यायचा हे शिकायला रबराचा एक पुतळा होता, पण त्याला ना हात ना पाय. मोडलेला पाय बांधायचा, मान हलू न देता माणूस फळीवर घ्यायचा, तर अख्खा माणूस लागायचा. आमच्या सरांनी मामांना विचारलं आणि मामा खुशीत रुग्ण झाले. रिकामं बसून कंटाळले असतील. शिवाय पोरं आजूबाजूला जमायची, ते त्यांना आवडायचं.

सगळ्यांत ढ मी होतो. पुस्तकातलं पाठ असायचं, पण माणूस समोर पडलेला दिसला की डोक्यातलं सगळं उडायचं. आधी काय तपासायचं, मग काय, सगळी खिचडी व्हायची. सराव परीक्षेत मी एकटाच नापास झालो आणि मोरीपाशी जाऊन रडलो. मामांनी बघितलं. "उठ बे आष्टीवाल्या," ते म्हणाले, "मी पडतो, तू उचल." तेव्हापासून रोज जेवणाआधी मामा माझ्यासाठी फरशीवर आडवे व्हायचे. दुसऱ्या कुणासाठी नाही, फक्त माझ्यासाठी.

पण मामांना बेशुद्ध पडणं काही जमेना. पायाला हात लावला की "गुदगुल्या व्हत्यात की रं!" म्हणून उठून बसायचे. शुद्ध तपासायला खांद्याला चिमटा काढला की "आई गं!" एके दिवशी माझं टाळकं सरकलं. परीक्षा तोंडावर आली होती. मी ओरडलो, "मामा, बेशुद्ध माणूस बोलत नसतो! आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही. तुम्ही बोललात की मी नापास, कळलं का?" माझ्या बापापेक्षा मोठा माणूस, आणि मी त्यांना दम देत होतो. त्यांचा चेहरा उतरला. "न्हाई बोलत," एवढंच म्हणाले. त्यानंतर चिमट्यांनी खांदा लाल झाला तरी हूं की चूं नाही.

परीक्षेच्या दिवशी बीडवरून एक डॉक्टरसाहेब आले. टँकर आदल्या दिवसापासून फिरकला नव्हता. पाहुण्यांसमोर कमी पडायला नको म्हणून मामांनी सकाळपासून छावणीच्या खेपा करून ड्रम काठोकाठ भरला होता. त्यातलं पाणी पिताना मी त्यांना बघितलं नाही. खरं म्हणजे मी त्यांच्याकडं बघतच नव्हतो, माझं पाठांतर चाललं होतं.

डॉक्टरसाहेबांनी हॉलवर नजर टाकली आणि म्हणाले, "अपघात काय पंख्याखाली होतात का? बाहेर घ्या." बाहेर म्हणजे पूर्वी दुधाचे कॅन उतरवायचे तो सिमेंटचा कट्टा, वर छप्पर नाही. मामा जाऊन त्यावर आडवे झाले. मोटारसायकलवरून पडून बेशुद्ध झालेला माणूस, असा प्रसंग दिला होता. जोडीजोडीनं बोलावलं. प्रत्येक जोडीनं आधी हात धुऊन दाखवले. मग तपासलं, बांधलं, सोडलं, की पुढची जोडी. बाकीचे आम्ही भिंतीच्या सावलीला उभे. मधे मामांना उठवावं, घोटभर पाणी द्यावं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि आम्ही शिकत काय होतो, तर माणसाचा जीव वाचवायला!

आमची जोडी शेवटची होती. मी वाकून हाक मारली, खांद्याला चिमटा काढला. मामा हलले नाहीत. माझा जोडीदार कानाशी लागला, "आज मामा लई भारी करायलेत बे." डॉक्टरसाहेबही म्हणाले, "पेशंट मात्र छान निवडलाय तुम्ही." मी कपाळावर हात ठेवला आणि चटकाच बसला. अंग तव्यासारखं तापलेलं, श्वास भराभर चाललेला, आणि त्या उन्हात घामाचा टिपूस नाही. डोळे मिटायचं सोंग आणता येतं, कण्हायचं आणता येतं. घाम आटवायचं सोंग कुणाला येतं? हा उष्माघात आहे हे मला कळलं. सरांनी शिकवलेलं शब्दन् शब्द आठवलं. त्याआधी इतकं नीट मला कधीच काही आठवलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मी मानेला पट्टा बांधला. प्रसंग अपघाताचा होता आणि गुण मानेच्या पट्ट्याला होते. मोठ्यानं म्हणालो, "श्वास सुरू आहे, साहेब." मनात चाललं होतं की आपलंच काहीतरी चुकत असेल, सगळे हसतील, पुन्हा नापास होऊ, कोयता हातात येईल. एक पाय बांधला. दुसरा बांधला. मामांच्या ओठांवर पांढरी पापडी धरली होती आणि ती मला दिसत होती. फळीचा शेवटचा पट्टा आवळताना त्यांचा हात ताठ होऊन थडथड उडायला लागला, तेव्हा कुठं माझ्या तोंडातून शब्द फुटला, "साहेब, हे सोंग नाही!"

त्यावरही कुणीतरी हसलंच. डॉक्टरसाहेबांनी मात्र मामांची पापणी उघडून बघितली आणि त्यांचा आवाज बदलला. आम्ही फळीसकट मामांना आत आणलं, सदरा काढला. पाण्याला धावलो तर ड्रमात फक्त तळ उरला होता. बाकीचं सगळं आमच्या हातांवरून वाहून गेलं होतं. होतं तेवढ्यात टॉवेल भिजवले, मानेला, बगलेत, जांघेत लावले आणि पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिलो. जोडीदारानं घाबरून मामांच्या तोंडाला तांब्या लावला, तो मी झटकला. "बेशुद्ध माणसाला पाजत नसतात! श्वासात जाईल पाणी!" शहाणपण आता सुचत होतं मला.

प्रशिक्षणाची रुग्णवाहिका दारातच उभी होती. मी मामांच्या उशाशी बसलो. मांजरसुंब्याला पाण्यासाठी गाडी थांबवली तर एका रसवंतीवाल्यानं आम्हाला बघून न मागता बर्फ दिला, तो फडक्यात गुंडाळून बगलेत धरला. बीड दिसायला लागल्यावर मामांनी डोळे किलकिले केले आणि माझ्या जिवात जीव आला.

दवाखान्यात त्यांना सलाईन लागलं. बाहेर डॉक्टरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "एवढ्या जणांत तू एकट्यानं ओळखलंस. पास." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळखलं कधी आणि बोललो कधी, ते सांगावं असं ओठांपर्यंत आलं. पण नोकरी हवी होती मला. गप्प बसलो. पुढं गावाकडं सगळ्यांत हुशार पोरगा म्हणून माझं कौतुक झालं, तेव्हाही गप्पच बसलो.

संध्याकाळी मामा बोलायला लागले. मी त्यांच्यावरच खेकसलो. लाज वाटली की मी खेकसतो, ही खोड अजून गेलेली नाही. "काय हे मामा! जीव घाबरा झाल्यावर उठायचं ना. निदान हाक तरी मारायची!"

"कशी मारू? बेशुद्ध माणूस बोलत नसतो, म्हणला व्हतास न्हवं तू?"

मी उगाच सलाईनची नळी सरळ करायला लागलो. मामांनी माझं मनगट धरलं. हात आता गार होता.

"पास झालास का?"

"झालो, मामा."

म्हातारा हसला. "मंग झालं तर. एक डाव वाटलं व्हतं, उठावं अन् पाणी मागावं. पर म्हणलं, तुझा नंबर ऱ्हायलाय."